निबंधात उदाहरण कोणते द्यावे?

(विहाराच्या वर्धापन दिनाच्या कार्यक्रमात विद्यार्थी व पालकांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलताना वेळेअभावी राहून गेलेले दोन-तीन मुद्दे लिहिताना घातले आहेत.)



कार्यकर्त्यांनी मला विषय दिला होता ‘शिक्षणाचे महत्त्व’. या विषयावर ह्याच व्यासपीठावरून इतकी भाषणं झाली आहेत की शिक्षण महत्त्वाचं आहे हे आता या हॉलच्या भिंतींनाही पाठ झालं असेल. म्हणून मी विषय बदलून मागितला. मुलं परीक्षेत निबंध लिहितात, त्या निबंधात उदाहरण कोणतं द्यावं, एवढ्यावरच मी बोलणार आहे. विषय लहान वाटेल. पण गेल्या काही महिन्यांत याच विषयाने माझी झोप घालवली आहे.

मी प्राध्यापक नाही. गिरणीत साचे खात्यात बदली म्हणून लागलो तेव्हा नववी नापास होतो. दहावी रात्रशाळेतून केली, पुढचं वाचन लायब्ररीत आणि लोकलमध्ये. गिरणी बंद झाल्यावर हाताला वेळ मिळाला, तेव्हापासून विहाराच्या अभ्यासिकेत पोरांबरोबर बसतो. त्यामुळे मी जे सांगेन ते शास्त्र म्हणून ऐकू नका. चुकलं असेल तर शिकलेल्या मंडळींनी नंतर कान धरावा.

आधी हे आत्ताच का, ते सांगतो. राज्यसेवेची मुख्य परीक्षा 2012 पासून पर्यायी प्रश्नांची झाली होती. आमची पोरं वर्षानुवर्षं गोळे काळे करत बसायची. आता 2025 च्या परीक्षेपासून लोकसेवा आयोगाने ती पुन्हा लेखी, म्हणजे वर्णनात्मक केली. आधी ती 2023 पासूनच व्हायची होती, पण पुण्यात विद्यार्थी रस्त्यावर बसले आणि दोन वर्षं पुढे गेली. या नव्या पद्धतीत निबंधाचा स्वतंत्र पेपर आहे, 250 मार्कांचा. दिल्लीच्या युपीएससीतही तसाच पेपर, तीन तासांत दोन निबंध, प्रत्येकी 125 मार्क, आणि तो मराठीतून लिहिता येतो. दहावी-बारावीला मराठीच्या पेपरात निबंध असतोच. म्हणजे ज्या घरात कोणी कधी चार ओळींचं पत्रसुद्धा लिहिलं नव्हतं, त्या घरातल्या मुलाचं पुढचं आयुष्य दोन निबंधांवर अडू शकतं.

आता माझी चूक सांगतो. पाच-सहा वर्षांपूर्वी मी एक वही तयार केली. चाळीस उदाहरणं. स्त्री शिक्षणाला हे, पर्यावरणाला ते, विज्ञानाला तिसरं, देशभक्तीला चौथं. प्रत्येकाच्या तीन-तीन ओळी. पोरांनी झेरॉक्स काढल्या, पाठ केल्या. मला वाटलं मोठं काम केलं. मग एका निबंध स्पर्धेत आपल्या अभ्यासिकेतले सहा जण बसले. परीक्षक बाई भल्या होत्या. बक्षीस समारंभानंतर मला बाजूला घेऊन म्हणाल्या, “काका, सहा निबंध वाचले, पण माणूस एकच होता.” सहाही जणांनी माझ्याच वहीतल्या त्याच तीन ओळी लिहिल्या होत्या. एकाने तर माझी शुद्धलेखनाची चूकही तशीच ठेवली होती. त्या रात्री वही कपाटात वर टाकून दिली, ती अजून तिथेच आहे.

तेव्हा कळलं की चाळीस उदाहरणं तीन-तीन ओळींची असण्यापेक्षा चार उदाहरणं अशी असावीत की ज्यांचं उभं-आडवं सगळं सूत आपल्या हाताखालून गेलं आहे. गिरणीत कापडाचा तागा निघायचा. तागा एकच, पण बाजारात गेल्यावर त्याचा सदरा होतो, परकर होतो, उशीचा अभ्राही होतो. शिवणारा बघून कापतो. उदाहरणाचं तसंच आहे. प्रश्न कोणता येईल ते तुमच्या हातात नाही. पण तागा पूर्ण असेल तर त्यातून हवा तो तुकडा कापता येतो. तीन ओळींची चिंधी असेल तर तिचा फार तर रुमाल होईल.

चवदार तळ्याचंच घ्या. आपल्या प्रत्येक मुलाला ते माहीत असतं. माहीत म्हणजे किती? “20 मार्च 1927 रोजी बाबासाहेबांनी महाडला पाणी पिऊन क्रांती केली.” झालं, इथे संपलं. अरे बाबांनो, ही तर फक्त तळ्याची पायरी झाली. जरा खाली उतरा.

ऑगस्ट 1923 मध्ये मुंबईच्या कायदे कौन्सिलात सीताराम केशव बोले यांनी ठराव आणला की सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या असाव्यात. ठराव पास झाला. 1924 मध्ये महाड नगरपालिकेने आपलं तळं खुलं असल्याचा ठराव केला. म्हणजे कागदावर सगळं झालं होतं. तरी तीन वर्षं एकही अस्पृश्य तिथे पाणी भरू शकला नाही. मग 1927 चा मार्च. परिषद झाली, हजारो माणसं चालत गेली, पाणी प्याली. त्यानंतर मंदिरात घुसणार अशी अफवा उठली आणि आपल्या लोकांना मारहाण झाली. तळं ‘शुद्ध’ करायला पंचगव्याचे 108 घडे ओतले. ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपलाच 1924 चा ठराव मागे घेतला. डिसेंबरात पुन्हा परिषद बोलावली, तर विरोधकांनी कोर्टातून मनाई हुकूम आणला. हजारो माणसं जमलेली, रक्त तापलेलं, आणि बाबासाहेबांनी त्यांना समजावून सत्याग्रह तहकूब केला. त्याच परिषदेत 25 डिसेंबरला मनुस्मृती जाळली. आणि तळ्याचा खटला? तो लढत लढत मार्च 1937 मध्ये मुंबई हायकोर्टात आपल्या बाजूने संपला. दहा वर्षं.

आता एवढा तागा हातात असला तर काय काय शिवता येतं बघा. विषय आला ‘कायद्याने समाज बदलतो का?’ तर 1923 चा ठराव, 1924 चा ठराव, त्याचं मागे घेणं, एवढंच कापा. पाणी प्यायचा प्रसंग एका ओळीत आटपा. विषय आला ‘पाणी’, तर लिहा की पाण्याची टंचाई दोन प्रकारची, एक पावसाने केलेली आणि एक माणसाने केलेली. तळं भरलेलं होतं, तरी काहींसाठी कोरडं होतं. विषय आला ‘संयम’, ‘नेतृत्व’, ‘लोकशाहीतील आंदोलन’, तर मार्च सोडा, डिसेंबर घ्या. जमलेल्या गर्दीला थांबवणं हे गर्दीला पुढे नेण्यापेक्षा अवघड, आणि ते कोर्टाच्या हुकमासाठी केलं. विषय आला ‘सामाजिक सलोखा’, तर महाडचे नगराध्यक्ष सुरेंद्रनाथ टिपणीस, अनंतराव चित्रे, मनुस्मृती दहनाचा ठराव मांडणारे गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे, ही माणसं आपल्या जातीची नव्हती. डिसेंबरच्या परिषदेला कोणी जागा देईना, तेव्हा फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थांनी दिली. विषय आला ‘अफवा’, तर तीही त्यात आहे. आजकाल मोबाइलवरच्या अफवांचा विषय कुठेही येतो.

मोबाइलवरून आठवलं. एका मुलाने ‘मोबाइल : शाप की वरदान’ या निबंधात चवदार तळं घातलं. लिहिलं की, “त्या काळी मोबाइल असते तर सत्याग्रहाचा निरोप लवकर पोहोचला असता.” मी त्याला म्हणालो, पोरा, मग विरोधकांकडेही मोबाइल असते की! उदाहरण लवचीक असावं, पण त्याचा रबर करू नका. विषयात बसत नसेल तर सोडून द्यावं. विहिरीत पाणी नाही तिथे पोहरा कितीही सोडला तरी रिकामाच वर येतो.

आता मुळाशी येतो. आमच्या अभ्यासिकेतली एक मुलगी आहे. नाव सांगत नाही, ती इथेच बसली आहे आणि आत्ता मान खाली घालून हसते आहे. ती बाहेर एका क्लासलाही जाते. तिने ‘कायदा आणि समाज’ या विषयावर सराव निबंध लिहिला, महाडचं उदाहरण घातलं, आणि छान घातलं होतं. क्लासमधल्या सरांनी त्याच परिच्छेदावर लाल रेघ मारली आणि सांगितलं, “असली उदाहरणं टाळ. पेपरवर नाव नसलं तरी तपासणाऱ्याला लगेच समजतं कोण ते. उगाच मार्क कशाला घालवतेस?” सरांनी वाईट हेतूने सांगितलं असं मी म्हणत नाही. त्यांना मुलीचे मार्क वाचवायचे होते. मुलीने तो परिच्छेद काढला, तिथे दुसऱ्याच कोणाचं उदाहरण घातलं, आणि दोन्ही कागद घेऊन माझ्याकडे आली. म्हणाली, “काका, कोणता ठेवू?”

बंधू-भगिनींनो, मला उत्तर देता आलं नाही. तीस वर्षं मोर्चे काढले, घोषणा दिल्या, पण तिथे माझी वाचा बसली. कारण “ठेव, घाबरू नकोस” असं म्हणणं मला सोपं आहे. पेपर तिचा आहे, मार्क तिचे जाणार. तपासणारा कोण असेल, त्याच्या मनात काय असेल, याची हमी मी कुठून देऊ? ती भीती खोटी आहे असंही मी म्हणणार नाही. भाड्याने घर बघताना आडनाव सांगण्यापूर्वी आपण किती वेळ थांबतो, हे इथे बसलेल्या बऱ्याच जणांना माहीत आहे.

मी दोन दिवस घेतले. तिचे दोन्ही कागद चार वेळा वाचले. आणि एक गोष्ट लक्षात आली. काढलेल्या परिच्छेदात तिने सुरुवातीला तीन ओळी विशेषणांच्या लिहिल्या होत्या. महामानव, क्रांतिसूर्य, कोट्यवधींचे उद्धारक. त्यानंतर महाड सुरू होत होतं. ती विशेषणं तिच्या मनापासूनची आहेत, माझ्याही मनापासूनची आहेत. जयंतीला आपण ती मोठ्याने म्हणतो आणि म्हणावीत. पण परीक्षेचा पेपर ही जयंतीची मिरवणूक नाही. तिथे हार घालायचा नसतो, पुरावा ठेवायचा असतो. मी तिला सांगितलं, विशेषणं काढ, महाड ठेव. तारीख लिही, ठराव लिही, मागे घेतला ते लिही, हायकोर्टाचं साल लिही. मग वाचणारा कोणीही असो, त्याला तुझी जात दिसायच्या आधी महाराष्ट्राचा इतिहास दिसेल. कारण तो महाराष्ट्राचा इतिहासच आहे. 1930 ला गांधीजी मिठासाठी दांडीला चालत गेले, तो प्रसंग आपण सगळे लिहितो, आपल्याला कोणी विचारत नाही तुम्ही गुजराती का म्हणून. त्याच्या तीन वर्षं आधी महाडला माणसं पाण्यासाठी चालली. मीठ आणि पाणी शेजारी शेजारी मांड. जमलं तर तिसरं अमेरिकेतलं मांड : डिसेंबर 1955 मध्ये माँटगोमेरी शहरात काळ्या लोकांनी बसवर बहिष्कार टाकला, 381 दिवस पायी चालले, आणि तिथेही शेवटी निकाल कोर्टातून आला. असं मांडलं की महाड कोपऱ्यातलं राहत नाही, जगाच्या रांगेत येऊन उभं राहतं.

दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर आपलेच लोक टाळ्या वाजवून घरी जातील. आपल्या मुलांची दुसरी खोड अशी की प्रत्येक निबंधात फक्त बाबासाहेब. पर्यावरण असो, क्रीडा असो, अंतराळ असो. याने बाबासाहेब मोठे होत नाहीत, निबंध मात्र लहान होतो. चारातलं एक महाड असू द्या. बाकी तीन दुसरीकडून घ्या. मी माझी तीन सांगतो, पण तीच पाठ करू नका. वहीची गोष्ट आत्ताच सांगितली.

एक, 1897 सालचा प्लेग. सावित्रीबाईंचं नाव आलं की मुलं 1848 ची भिडे वाड्यातली शाळा लिहितात. सगळेच लिहितात. पण त्याच सावित्रीबाई पन्नास वर्षांनी पुण्याच्या प्लेगात रोग्यांची सेवा करताना 10 मार्च 1897 ला गेल्या. त्याच वर्षीच्या प्लेगात मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे गेले. ज्यांच्यामुळे 1890 पासून गिरणी कामगाराला रविवारची सुट्टी मिळाली, ते लोखंडे. ‘दीनबंधु’चे संपादक. आपण रविवारी विहारात जमतो, त्या रविवारामागेही त्यांचे कष्ट आहेत. या एका सालात आरोग्य आहे, स्त्री आहे, कामगार आहे, पत्रकारिता आहे. कोरोनाचा काळ पाहिलेल्या मुलाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

दोन, 18 जानेवारी 1982 चा गिरणी संप. अडीच लाखांच्या आसपास कामगार, डॉ. दत्ता सामंतांचं नेतृत्व, आणि संप मागे घेतल्याची घोषणा कधी झालीच नाही. माझे वडील त्या संपात होते, मी तेव्हा शाळेत. आईने पितळेची भांडी विकली ते मी पाहिलं आहे. वडील शेवटपर्यंत म्हणत, संप बरोबर होता. माझं मत वेगळं. मला वाटतं एका टप्प्यावर थांबायला हवं होतं. आमचा हा वाद ते जाईपर्यंत मिटला नाही. पण म्हणूनच हे उदाहरण चांगलं. ज्यात दोन्ही बाजूंना बोलता येतं ते उदाहरण निबंधात जास्त दिवस टिकतं. संघटना, नेतृत्व, यंत्रमाग आणि नवं तंत्र, शहरातली जमीन, स्थलांतर, सगळीकडे चालतं. मात्र स्पर्धा परीक्षेत “माझे वडील” असं लिहू नका. उत्तरपत्रिकेत आपली ओळख उघड होईल असं काही लिहायचं नसतं, तसा नियमच आहे. “गिरणगावातील एका कुटुंबात” असं लिहा. आणि रडगाणं नको. भांडी विकली, एवढं पुरे.

तीन, आपल्या पायाखालची जमीन. सिडको 1970 ला आली, 95 गावांची जमीन नव्या शहरासाठी घ्यायचं ठरलं. जानेवारी 1984 मध्ये जासई आणि दास्तान फाट्याला दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी रस्त्यावर उतरले, गोळीबार झाला, पाच जण गेले. त्या लढ्यातून साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचं तत्त्व आलं. हे उदाहरण आपल्याला थोडं टोचतं, कारण आपण बाहेरून येऊन या शहरात राहिलो. स्टेशनला उतरून घरी जाताना ज्या रस्त्याने चालतो तो कधीतरी कोणाचं तरी भातशेत किंवा मिठागर होता. टोचतं म्हणूनच लिहा. ‘विकास आणि विस्थापन’ या विषयावर मुलं नर्मदेला जातात, जरूर जावं, पण आधी उरणला जाऊन यावं. गाडीभाडंही कमी लागतं.

एक धोक्याची सूचना. मोबाइलवर बाबासाहेबांच्या, बुद्धांच्या फोटोखाली जी वाक्यं फिरतात, ती निबंधात अवतरण चिन्हात घालू नका. कोणत्या खंडात, कोणत्या पानावर ते सापडलं तरच घाला. मी स्वतः दोन वाक्यं अशी शोधायला गेलो, आठवडाभर खंड चाळले, सापडली नाहीत. भाच्याकडून कळलं की अमेरिकेत कॉलेज प्रवेशाच्या एसएटी परीक्षेत 2005 पासून काही वर्षं पंचवीस मिनिटांचा निबंध होता, आणि त्यात तपशील चुकला तरी तपासणाऱ्याने मार्क कापू नयेत अशी सूचना असे. मुलं वाटेल ते ठोकून द्यायची म्हणे. तो निबंध 2016 ला ऐच्छिक झाला, 2021 ला बंदच पडला. आपल्याकडे ती चैन नाही. आपल्या मुलाने साल चुकवलं तर वाचणारा ‘साल चुकलं’ म्हणेलच असं नाही, ‘यांचं असंच’ म्हणेल. हे कटू आहे, पण मी गोड करून सांगणार नाही.

आई-वडिलांना एकच विनंती. उदाहरण म्हणजे पुस्तकातलंच असतं असं नाही. कोणी घरकाम करताना, कोणी एमआयडीसीत पाळी करताना, कोणी एपीएमसीत हमाली करताना बरंच पाहिलेलं असतं. मुलगा निबंध लिहायला बसला की आपण टीव्हीचा आवाज कमी करतो, तेवढ्यावर थांबू नका. त्याला विचारा, विषय काय आहे. त्यावर तुम्ही काय पाहिलंत ते सांगा. त्याने नाही लिहिलं तरी चालेल.

त्या मुलीचं राहिलं. तिने परिच्छेद परत घातला, विशेषणं काढून. आधी नऊ ओळींचा होता, आता सहा ओळींचा झाला आहे. क्लासच्या सरांना पुन्हा दाखवला. त्यांनी या वेळी लाल रेघ मारली नाही, पण काही बोललेही नाहीत. खरा पेपर पुढे आहे. तिथे किती मार्क पडतील हे मला माहीत नाही, तिलाही नाही. तिने ठरवलं आहे, मी फक्त बाजूला बसलो होतो.

येत्या रविवारी संध्याकाळी 5 वाजता अभ्यासिकेत निबंधाची बैठक आहे. विषय मी देणार नाही, चिठ्ठी उचलायची. प्रत्येकाने एकच उदाहरण आणायचं, पण त्याची पाच सालं आणि पाच माणसं तोंडावर असली पाहिजेत. झेरॉक्स आणली तर परत पाठवीन. चहा महिला मंडळाकडून आहे, कप आपापला आणावा.

जय भीम. नमो बुद्धाय.